रुमालाखालची बोटं आणि हललेली मान

गुरांच्या बाजारात, मग तो सावद्याचा असो की धुळ्याकडचा, जुन्या पद्धतीचा सौदा कानाला ऐकू येत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उजवे हात हातात घेतात, वरून रुमाल नाहीतर उपरणं टाकतात आणि पुढचं सगळं बोटांवर चालतं. एक बोट दाबलं तर एक, दोन बोटं तर दोन, चार धरली तर चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. हे एक म्हणजे शंभर, हजार की दहा हजार, तेवढं मात्र आधी ठरलेलं असतं किंवा दलाल "हे दहा हजार, वर हे हजार" असं तोंडाने म्हणतो. म्हणजे पंचेचाळीस हजार सांगायचे तर आधी चार बोटं, मग पंजा. सहापासून पुढच्या खुणा बाजारागणिक बदलतात. म्हणून परगावचा शहाणा माणूस हात पुढे करण्याआधीच विचारून घेतो, "सात कसे धरतात इथं?"

आजूबाजूच्या बघ्यांना दिसतात ते फक्त चेहरे, आणि मुरलेला गिऱ्हाईक चेहऱ्यावरची माशी हलू देत नाही. हात रुमालात राहू दिला तर बोलणी चालू आहेत, ओढून घेतला तर फिसकटलं.

ही खूण चुकते कुठे? बहुतेक वेळा एककात. गिऱ्हाईक हजारात बोलतो आणि समोरचा पाचशेच्या टप्प्याने मोजत असतो. दुसरी गोम जास्त महागाची आहे: जनावराच्या धन्याला एक आकडा, गिऱ्हाइकाला दुसरा, आणि मधला फरक दलालाच्या खिशात. कापूस आणि धान्याच्या बाजारातही एकेकाळी असेच झाकून सौदे व्हायचे. पुढे 1927 चा मुंबई कापूस बाजार कायदा आला, 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि 1963 च्या राज्याच्या कायद्याखालच्या बाजार समित्यांत शेतमालासाठी उघड लिलाव आला. गुरांच्या बाजारात रुमाल मागे राहिला. त्यावर उपाय साधा आहे: रुमाल निघाल्यावर धनी, दलाल आणि गिऱ्हाईक तिघांसमोर आकडा मोठ्याने म्हणायचा आणि तोच पावतीवर लिहून घ्यायचा.

एवढं सगळं असूनही, देहबोलीच्या नावाखाली जे काही शिकवलं जातं त्यापेक्षा हा रुमाल मला जास्त भरवशाचा वाटतो. का? इथे खुणेचा अर्थ दोघांनी आधी ठरवलेला आहे. मान, नजर, गप्प बसणं यांचा अर्थ कुणीच ठरवलेला नसतो. आपण तो आपल्या सोयीने लावतो.

कापसाचंच घ्या. खेडा खरेदीला आलेला व्यापारी ढिगातून मूठभर कापूस उपसतो, बोटांत धागा ओढून बघतो, नाक मुरडतो, सरकी दाताखाली धरतो आणि मूठ परत ढिगावर टाकून गाडीकडे वळतो. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. यातली सरकी चावणं ही ओलाव्याची खरी तपासणी आहे, बाकीचं बरंचसं भाव पाडायचं नाटक. दोन्ही एकाच हालचालीत मिसळलेलं असल्याने वेगळं काढता येत नाही, म्हणून चेहरा वाचत बसू नये. आर्द्रतामापकाचा आकडा मागावा. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, आणि त्यापुढे माल घेत नाहीत. व्यापाऱ्याचा नियम वेगळा असू शकतो, पण "किती टक्के भरला?" एवढं विचारलं की नाक मुरडण्याचा जोर निम्मा होतो.

मानेचा घोळ याहून मोठा. आपल्याकडे मान डावीकडे-उजवीकडे सैल डुलली तर ती "बरं", "ऐकतोय" आणि "बघू" या तिन्हींच्या मधे कुठेतरी असते. "च्यक" असा आवाज आला तर तो नकार, त्यात शंका नको. पण "हां, हां" करत हललेली मान फक्त तुमचं बोलणं चालू ठेवा एवढंच सांगते. तरुण साहेबासमोर बसलेला म्हातारा, सासऱ्यासमोर कपाळापर्यंत पदर ओढलेली सून, धडगावकडची पावरी ही आदिवासी बोली बोलणारी बाई जिच्याशी आपण पुस्तकी मराठीत बोलतोय, हे सगळे मान हलवतातच. ती अदब आहे. समजलं की नाही, ते त्यातून कळत नाही.

आरोग्य उपकेंद्रात याची किंमत मोजावी लागते. गरोदर बाईला लोहाची गोळी रोज एक, किमान 180 दिवस. कॅल्शियमच्या दिवसाला दोन, जेवणासोबत. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, मधे निदान दोन तास जाऊ द्यायचे. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. या चार-पाच सूचना एका दमात सांगून "समजनं का?" विचारलं की उत्तर हमखास हो येतं. घरी गेल्यावर सगळ्या गोळ्या एकदम, तेही चहाबरोबर. लोह अंगी लागत नाही आणि नर्सबाई म्हणतात, बाई गोळ्या घेतच नाही.

"समजनं का?" हा प्रश्नच बाद करावा. त्याऐवजी: "माय, घरी सासूबाई विचारतील, कोणती गोळी कधी घ्यायची. त्यांना काय सांगशील?" एका वेळी दोनच सूचना, त्या वदवून घ्यायच्या, मग पुढच्या. सांगताना चुकलं तर "मी नीट सांगितलं नाही" म्हणून पुन्हा सांगावं. सासरे समोर बसले असतील तर आधी त्यांना नोंदीच्या टेबलाकडे बोलवावं. पदराआडचा चेहरा दिसत नसेल तर हात बघावेत: गोळ्यांची पाकिटं तिने वेगवेगळी धरलीत की एकत्र मुठीत?

आणि विचारल्यावर थांबावं. वेगवेगळ्या खंडांतल्या दहा भाषांच्या 2009 मधल्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं (मराठी त्यात नव्हती). इतक्या झटपट बोलण्याची सवय असल्यावर दोन सेकंदांची शांतताही खुपते. मग आपण तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणतो, आणि समोरचं माणूस सुटका करून घ्यायला मान हलवतं. मनात पाच आकडे मोजावेत, तेवढे पुरतात.

खाली गेलेल्या नजरेबद्दलही एक समज पक्का बसलाय: डोळ्यात डोळे घालत नाही, म्हणजे खोटं बोलतोय. कर्ज मागायला आलेल्यांवर याचा फार अन्याय होतो. 2006 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांची आकडेमोड एकत्र केली तेव्हा, वागण्याबोलण्यावरून खोटं-खरं ओळखण्यात लोक सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तर 50. प्रशिक्षणवर्गांत फळ्यावर लिहिला जाणारा 55-38-7 हा आकडाही तसाच: म्हणे बोलण्याचा 55 टक्के अर्थ चेहरा-देहबोलीत, 38 टक्के आवाजात आणि 7 टक्केच शब्दांत. मूळ प्रयोग 1967 चे, सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो यांवरचे, तेही फक्त आवड-नावड ओळखण्यापुरते. त्यावरून शब्दांना 7 टक्केच किंमत असते असं ठरत नाही.

आता यात व्हॉट्सॲपचा अंगठा आलाय. रावेर-यावलकडे केळीचा व्यापारी रात्री मेसेज टाकतो, "उद्या कटाई", खाली भाव. बागायतदार अंगठा टाकून झोपतो. व्यापाऱ्याच्या मते भाव ठरला, याच्या मते मेसेज वाचला. सकाळी मजूर बागेत उतरले की बोलायला जागा उरत नाही, कारण कापलेला घड झाडाला परत लावता येत नाही. अशा मेसेजला अंगठा टाकूच नये. गट नंबर, कटाईची वेळ, क्विंटलचा भाव आणि पैसे किती दिवसांत, हे चार शब्दांत उलट लिहावं आणि त्यावर समोरच्याचं "हो" अक्षरात येईपर्यंत मजुरांना निरोप देऊ नये.