नव्या टायरचे केस

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. निवांत दुपारी उभ्या गाडीच्या चाकावरून सहज हात फिरला की ते बोटांना लागतात आणि एखादा उपटून बघायचा मोह आवरत नाही. साच्यात कच्चं रबर दाबलं जातं तेव्हा नक्षीच्या कानाकोपऱ्यात हवा कोंडते. ती निघून जावी म्हणून साच्याला बारीक भोकं ठेवलेली असतात. हवा जाते, आणि तिच्या पाठोपाठ चिमूटभर रबरही त्या भोकात शिरतं. तेच हे केस. उपयोग शून्य. तरी टायर घ्यायला आलेला माणूस पहिला हात फिरवतो तो त्यांच्यावरूनच, आणि केस शाबूत दिसले की माल ताजा आहे असं मनाशी ठरवून मोकळा होतो.

आता हे काही खरं नाही. गोदामात चार वर्षं पडून असलेल्या टायरचेही केस जागच्या जागी असतात. गळायला त्यांना रस्ता लागतो. ताजेपणा लिहिलेला असतो तो बाजूच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, छोट्या लंबगोल चौकटीत. चार आकडे. २५२३ म्हणजे २०२३ सालचा पंचविसावा आठवडा. २००० सालाच्या आधी तीनच आकडे असत, त्यामुळे दशक कुठलं हा घोळ व्हायचा; तेवढे जुने टायर आता कुणी विकायला ठेवलेच, तर तारीख न वाचताही कळावं. गंमत अशी की हे शेवटचे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू बसवताना आत गेली तर ते वाचायला गाडीखाली डोकं घालावं लागतं. औषधाच्या बाटलीवरची तारीख चष्मा लावून वाचणारी माणसं टायरची तारीख मात्र विचारतही नाहीत.

ऑनलाइन खरेदीत हे आकडे सहसा दिसतच नाहीत. तिथे एक फोटो असतो. चकचकीत रिमवर चढवलेला, तिरका उभा केलेला टायर. पंधरा इंची असो की अठरा इंची, फोटो तोच. दुकानात निदान मोबाइलचा टॉर्च लावून वाकता येतं. घरपोच माल आला तर तो गाडीवर चढण्याआधी, दारातच, चारही टायरची तारीख वाचायची, कारण एकदा साबणाचं पाणी लागून टायर रिमवर बसला की परतीचा दरवाजा बंद होतो. वर्ष-दीड वर्षाचा टायर, सावलीत आणि थंड जागी ठेवलेला असेल, तर नाक मुरडायचं कारण नाही. दोन वर्षांच्या पुढचा असेल तर किंमत कमी व्हायला हवी, आणि चारांपैकी एकाचीच तारीख वेगळी निघाली तर तो एक बदलून मागावा. टायरचे बहुतेक उत्पादक दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात आणि काही गाडी-कंपन्या सहाच वर्षं. नक्षी शिल्लक असली तरी.

टायर पेटीत येत नाही, हे पहिल्यांदा मागवणाऱ्याला जरा विचित्र वाटतं. उघडाच येतो, नक्षीवर पत्त्याचं लेबल चिकटवलेलं, कधी दोन-दोन एकत्र पट्टीने आवळलेले. ट्रकमध्ये ढिगाखाली चेपला असेल तर बघायची ती आतली कड, म्हणजे बीड. या कडेत पोलादी तारा असतात. तिथे मोड किंवा चीर दिसली की तो टायर परत. बाजूच्या भिंतीवर आत गेलेली उभी, अरुंद खळी दिसली तर घाबरू नये. आतले कापडाचे थर जिथे एकावर एक येतात तिथे तशी खळी पडतेच. फुगा मात्र बाहेर आलेला असतो, आणि फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले. त्यावर इलाज नाही.

मापाचं गणित सगळ्यांना ठाऊक असतं, निदान पहिल्या तीन आकड्यांपुरतं. २०५/५५ आर १६: रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंच. घोटाळा होतो तो त्यापुढच्या ९१व्ही मध्ये. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९४ म्हणजे ६७०. एकाच मापात वेगवेगळ्या भाराचे टायर मिळू शकतात, त्यात जादा भाराचे एक्सएल आणि ताठ भिंतीचे रनफ्लॅटही. संकेतस्थळावर ‘स्वस्त आधी’ असं लावलं की कमी भाराचा टायर वर येऊ शकतो आणि माणूस माप जुळलं म्हणून आनंदाने बटण दाबतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर चालतं.

९१ मागचं व्ही हे टायरच्या कमाल वेगाचं अक्षर. या वेगाच्या अक्षरांवर माझा जुना राग आहे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, यू २००, इथपर्यंत वर्णमाला शहाण्यासारखी चालते. मग मध्येच एच येतो, २१०, आणि त्यानंतर व्ही, २४०. एचला तिथे कुणी बसवलं आणि का, याची चौकशी न केलेलीच बरी. पण दर वेळी तक्ता बघताना तो दाताखालच्या खड्यासारखा लागतो.

टायर किती टिकेल याचा ट्रेडवेअर नावाचा आकडा काही टायरवर असतो, आणि संकेतस्थळं त्यावरून चाळण लावून देतात. ४०० वाला २०० वाल्याच्या दुप्पट टिकणार, असा हिशेब एकाच उत्पादकाच्या दोन टायरमध्ये थोडाफार लागू पडतो. दोन वेगळ्या उत्पादकांमध्ये तो लावू नये, कारण हा दर्जा प्रत्येक जण आपापल्या मालाला आपणच देतो. शेजारचं पकडीचं अक्षरही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरचं. वळणाबद्दल ते काहीच बोलत नाही.

दुकानदाराचा दोष वेगळा. त्याच्याकडे जे पडून असतं तेच तुमच्या गाडीला उत्तम असतं. ‘थोडा रुंद घ्या, दिसतो भारी’ हे वाक्य ऐकलं की कागद काढावा. २०५/५५ आर १६ चा एकूण व्यास साधारण ६३२ मिलिमीटर. २२५/४५ आर १७ चा ६३४; म्हणजे रिम इंचाने वाढलं तरी चाक तेवढंच राहिलं. पण २१५/६० आर १६ चा व्यास भरतो ६६४, पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर शंभर सांगत असेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा पाच टक्के जास्त पळत असणार, आणि चाक पूर्ण वळवलं की मडगार्डच्या आतलं प्लास्टिक घासायला लागणार. तीन टक्क्यांच्या आत राहावं, हा कामचलाऊ नियम पुरतो.

रिमचं प्रकरण मात्र टायरपेक्षा नाजूक. नटांच्या वर्तुळाचा व्यास ११२ आणि ११४.३ मिलिमीटर, दोन्ही पाच नटांचे. डोळ्याला फरक दिसत नाही. पहिला नट छान बसतो, बाकीचे तिरके जातात, आणि नट आवळायची हवेची गन असली की तेही जातात. असं बसवलेलं चाक मधोमध नसतं, बोल्ट वाकडे ताणले जातात आणि पुढे सैल होतात किंवा तुटतात. मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या उंचवट्यावर चाक चढतं त्यापेक्षा, लहान असलं तर रिम बसणारच नाही, हा प्रश्न सोपा. मोठं असलं तर बसतं, आणि खरी कटकट तिथे सुरू होते. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंगचं यंत्र मात्र शून्य दाखवतं. यंत्रावर चाक मधल्या भोकात शंकू घालून बसवतात, गाडीवर ते नटांच्या आधाराने बसतं. दोन्हीकडचा मध्यबिंदू वेगळा. भोकात बसणारी योग्य मापाची रिंग घातली की बहुतेक वेळा थरथर संपते. ही रिंग नव्या रिमबरोबर यायला हवी, पण मागितली नाही तर येत नाही.

ऑफसेटचंही तसंच. ऑफसेट म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. ४५ च्या जागी ३५ चं रिम घेतलं की चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो. ऑफसेट तोच ठेवून रुंदी ६.५ इंचांवरून ७.५ केली तर दोन्ही बाजूंना साधारण १३ मिलिमीटर वाढतात, आतल्या बाजूला सस्पेन्शन असतंच. आणि ब्रेकच्या कॅलिपरला रिमच्या दांड्या लागतील की नाही, हे यातल्या कुठल्याच आकड्यावरून कळत नाही. संकेतस्थळावर गाडीचं मॉडेल निवडलं की रिमची यादी येते खरी, पण त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला पुढचे ब्रेक मोठे असतात हे त्या यादीला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून जुनं रिम काढून त्याच्या पाठीवर कोरलेले आकडे टिपून घ्यावेत आणि मगच मागवावं. दुकानात नुसतं रिम, टायर न चढवता, हाताने नट लावून गाडीवर फिरवून बघता येतं. रिमसाठी दुकान बरं, ते एवढ्यासाठीच. कागदावर सगळे आकडे जुळत असतील तर ऑनलाइनलाही माझी हरकत नाही.

टायरच्या बाबतीत माझं मत उलटसुलट होत राहतं. किमतीचा फरक दिसतो तेवढा नसतो. वाहतूक, चढवणावळ, नवे व्हॉल्व, वजनं, जुन्या टायरची विल्हेवाट हे सगळं मिळवल्यावर उरतो तो खरा फरक. कधी भरपूर उरतो, कधी काहीच नाही. पण मला खुपतं ते निराळंच. बाहेरून आणलेला टायर कुणीतरी चढवून दिला आणि गाडी थरथरायला लागली, तर चढवणारा म्हणतो टायरच वाकडा आहे, आणि विकणारा म्हणतो चढवताना बिघडवला. दोघंही खरे असू शकतात. एकाच ठिकाणी घेतला आणि बसवला तर भांडायला निदान एकच माणूस असतो. मधला रस्ता म्हणजे ऑनलाइन घेऊन माल थेट बसवणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवणं, पण तो बाहेरचा माल घेतो का, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

बसवताना उभं राहून बघावं. कारागिराला आवडत नाही, तरी बघावं. बीडला त्याचं वंगणच लागतं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही. हवा भरताना दोनदा ‘ठक्’ असा आवाज होतो, दोन्ही कडा बसल्याचा. चाळीस पीएसआयपर्यंत तो आला नाही तर हवा सोडून पुन्हा वंगण लावायचं, दाब वाढवत न्यायचं नाही. तिथे माणसं जखमी होतात. मग रिमलगतची टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, ते पाहायचं. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती सगळ्यात हलकी जागा. तो व्हॉल्वसमोर आला की वजनं कमी लागतात. एका चाकाला साठ-सत्तर ग्रॅम चिकटवायला निघाले तर आधी टायर रिमवर अर्धा फिरवून बघा म्हणावं. रबरी व्हॉल्व दर वेळी नवा. दिशेचा बाण किंवा ‘बाहेरची बाजू’ अशी खूण असेल तर ती पाळलेली असावी. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

दोनच टायर नवे घेतले तर ते मागे. यावर प्रत्येक दुकानात वाद होतो, कारण पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचे पुढचेच टायर आधी झिजतात आणि नवे तिथेच घालावेसे वाटतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

शेवटी नट. गनने करकचून आवळलेला नट म्हणजे मजबूत नट नव्हे. बोल्ट ताणला जातो आणि रात्री रस्त्यात गाडीतल्या पान्ह्याने तो निघत नाही. पुस्तिकेत दिलेला आकडा, बऱ्याच गाड्यांना १०० ते १२० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट आलटून-पालटून, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. अलॉय रिमला तर हे हवंच.

या सगळ्यात डिकीतल्या स्टेपनीला कुणी विचारत नाही. चारही टायरच्या तारखा वाचून झाल्या तरी तिची राहतेच. नवी अलॉय रिम घेतली असतील तर आणखी एक पाहावं: त्यांचे नट स्टेपनीच्या लोखंडी रिमला चालतात का? नटाची बैठक शंकूची, गोल किंवा सपाट अशी वेगवेगळी असते, आणि चुकीच्या बैठकीवर तो नुसत्या एका रेघेवर टेकतो. चालत नसतील तर जुने नट जपून ठेवायला हवेत, आणि गाडीतच. ते कुठे ठेवलेत हे स्टेपनी लावायची वेळ येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहील, असं मात्र वाटत नाही.