विषय : मोबाईल मिळणेबाबत

पोरीनं अर्ज दिलाय. शाळेत शिकवतात तसा, डावीकडं समास सोडून. प्रति, मा. आई. पुढं 'महोदया' आणि शेवटी 'आपली आज्ञाधारक'. आधी हसूच आलं. कारणं तीन. ट्यूशन लांबली तर कळवता येईल. गणिताचे व्हिडिओ बघता येतील. बाबांशी बोलता येईल.

मी म्हणलं, "रोज बोलतीस की माझ्या फोनवर."

"तुझ्या फोनवर तू असतीस ना," म्हणली, आणि दप्तर भरायला गेली.

पहिल्या दोन्हींना माझ्याकडं उत्तर होतं. लातुरात उद्योग भवनच्या बाजूला ट्यूशन सुटायच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते, त्यात अकरा वर्षांचं लेकरू. तिच्यापेक्षा जीव माझाच खालीवर होतो. पण त्याला बटणाचा साधा फोन बास झाला. व्हिडिओचं म्हणाल तर ते गणितापाशी कुठं थांबतात. व्हॉट्सअ‍ॅपला तेरा वर्षं पूर्ण लागतात म्हणून सांगितलं, तर वर्गातले सगळे तेराचेच आहेत म्हणे. असतील. आमच्या वेळी गुरुजी दिसंल त्याच्या नावापुढं एक जून टाकून मोकळे व्हायचे, आता लेकरं आपलं आपण टाकायलेत. जाऊबाईंचं वेगळंच. सांगलीकडं मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून म्हणे संध्याकाळी सातला भोंगा होतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. "तुम्हीबी तसंच करा." गावाचं ठीक आहे हो, घरात भोंगा वाजवायचा कुणी? वाजला तर पहिला फोन माझाच ठेवावा लागंल.

तिसऱ्याचं काय करू?

पुण्याकडं चाकणहून ह्यांचा फोन येतो तो नेमका भाकरीच्या वेळी. शिफ्ट बदलली की वेळ बदलते, पण कशी कोण जाणे, माझे हात पिठातच असतात. म्हणून स्पीकर लावते. ते विचारतात, जेवलीस का? ही म्हणते, हो. मी परातीवरून ओरडते, चाचणीत किती पडले ते सांग की. ती सांगते. बक्षीस मिळालं ते सांग. तेही सांगते. आज आठवून बघायलेय, तर तिच्या मनानं ती काय बोलते तेच आठवंना. सगळं मी सांग म्हणलेलंच.

पण असं काय बोलायचंय तिला? माझ्यासमोर न बोलण्यासारखं काय असतं सहावीतल्या पोरीकडं? माझ्याबद्दल असंल का? मी चिडते ते? त्या दिवशीचं तिनं ऐकलं असंल का, दार तर लावलं होतं. जाऊ दे ते.

वेणी मी घालायची, फी मी भरायची, रिक्षावाल्याशी भांडण मी करायचं, ताप आला की रात्र मी काढायची. आणि मनातलं बोलायला बाबा, जे महिन्यातून एखाद्या रविवारी येतात आणि अर्धा रविवार झोपतात. मला काय, माझ्याशी बोलायला कुणाला वेगळा फोन लागत नाही. मी आहेच.

हे लिहिता लिहिता औशाच्या स्टँडवरचा एसटीडी आठवला. रात्री दर उतरले की आई मला घेऊन जायची, मामाला फोन लावायला. आत गेली की काचेचं दार ओढून घ्यायची. मी बाहेर उभी, मशीनवरचे लाल आकडे पळायलेले बघत. आई आत रडायची, कधी हसायची, एकदा तर काचेवर हात मारून हसली. काय बोलायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तुला काय करायचंय?" म्हणजे तेव्हाबी मी बाहेरच, आताबी बाहेरच. माझ्या नशिबात काचेची ही बाजूच दिसतीय.

आईनं तेव्हा कुणाला अर्ज दिला नव्हता. हिनं निदान समास सोडून विचारलं तरी.

बटणाचा घ्यावा. गंजगोलाईत मिळंल स्वस्तात. नेट नको. बोलायचं तेवढं बोल, गच्चीवर जाऊन बोल. 'मंजूर' लिहून खाली सही ठोकली, तर कागद उलटसुलट बघून म्हणली, "सिम?"

अठराच्या खाली सिम मिळत नाही, माझ्या आधारवर काढू म्हणलं.

"तुझ्या नको, बाबांच्या."

घ्या. मी म्हणलं, मग त्यांना दुकानात स्वतः यावं लागंल, फोटो काढतात तिथं, आणि येत्या रविवारी काय ते येत नाहीत.

"येतील की. सिमसाठी तर येतील." थांबते म्हणली.

सिम पुण्यातबी काढता येतं, ते मी तिला सांगितलं नाही. रात्री फोन आला तेव्हा ह्यांनाबी नाही सांगितलं.