शक्तिमानची चाकं आणि ती लॉक रिंग

गेले तीन रविवार फक्त चाकांत गेले. आमचा शक्तिमान, म्हणजे लष्कराचा जुना ट्रक, लिलावातून हातोहात फिरत आमच्याकडे आला, इंजिन पहिल्या आठवड्यातच बोललं, पण चाकं बघून पोटात गोळा आला. जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला 1959 पासून बनलेली गाडी, 1996 ला प्रॉडक्शन बंद, त्यामुळे डिस्क (टायर बसतो तो चाकाचा लोखंडी भाग) जपायलाच लागते, नवी आणायची कुठून.

यातली डिस्क कारसारखी एका तुकड्याची नाही, टायर एका बाजूला लॉक रिंगने, म्हणजे लोखंडी कड्याने, अडकवलेला असतो. हवा भरताना ती रिंग खोबणीत नीट बसलेली नसली तर तोफेच्या गोळ्यासारखी सुटते आणि माणूस जागेवर जातो, खरंच. म्हणून आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच टॉमी (रिंग उचकटायची लोखंडी पहार) लावायची. आम्ही रिंग वायर ब्रशने घासली तर गंजाच्या पापुद्र्याखाली केसाएवढी चीर निघाली, बोटाने कळत नव्हती, नख फिरवलं तेव्हा अडकलं. ती रिंग तिथेच बाद, वेल्डिंग मारून वापरायची नाही म्हणजे नाही.

बाकीच्यांना रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारला, जुने फ्लॅप (ट्यूब आणि डिस्कमधल्या रबरी पट्ट्या) फेकले, हबमधलं (चाकाच्या मधल्या भागातलं) काळं पडलेलं ग्रीस डिझेलने धुऊन बेअरिंग नवीन ग्रीसने भरली. हवा मात्र, रिंग सुटलीच तर अडावी म्हणून, लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून, लांब पाईप लावून, बाजूला उभं राहूनच भरली. आता पाच चाकं तयार आहेत, सहाव्यासाठी रिंग शोधतोय.