सोपाऱ्याचा जुना किनारा शोधताना

जागोजागची उंची नोंदवलेलं संगणकी मॉडेल उघडायचं, त्यात दोन-तीन मीटर पाणी चढवायचं आणि ‘हा घ्या प्राचीन किनारा’ म्हणायचं, ही पद्धत सोपाऱ्याला, म्हणजे मुंबईच्या उत्तरेच्या आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या प्राचीन बंदराला, हमखास फसते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे १८८२ साली मिळाला, नवव्याचा १९५६ साली. त्या काळची खाडी आज गाळाखाली आहे, त्यामुळे पाणी चढवून बुडते ती आजची जमीन.

तीही नीट बुडत नाही. ‘कोपर्निकस’ या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचं दर ३० मीटरला एक उंची देणारं मॉडेल जमीन मोजत नाही, वरचा पृष्ठभाग मोजतं. नालासोपाऱ्याच्या इमारती टेकाडासारख्या दिसतात आणि तिवरांखालचा चिखल उंचवटा वाटतो. त्यातून झाडं-इमारती वजा केलेलं ‘फॅबडेम’ हे मॉडेल वापरा.

जुना एक इंची (एका इंचाला एक मैल) नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवताना खूणबिंदू, म्हणजे दोन्हींत ओळखू येणाऱ्या जागा, देऊळ, चर्च, तलावाचा कोपरा, रेल्वेचा पूल अशा जागी घ्या. खाडीच्या काठावर एकही नको, कारण सरकलेला काठच तर शोधायचा आहे. नकाशा ताणून बसवणाऱ्या ‘थिन प्लेट स्प्लाइन’ पद्धतीने बिंदूंवरची चूक शून्य दिसते, तिच्यावर विसंबू नका. चार-पाच बिंदू बाजूला ठेवून त्यांच्यावर तपासा. या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ३२ मीटर भरते. तेवढ्या फरकाला ‘किनारा सरकला’ म्हणणं चूक आहे.

भरती-ओहोटीकडे तर फारच दुर्लक्ष होतं. जमिनीची चित्रं घेणारा सेंटिनेल-२ उपग्रह इथून सकाळी अकराच्या सुमारासच जातो. अमावस्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या आसपास असते. म्हणजे उपग्रहाला उधाणाची भरती दिसते, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) ओहोटी दिसते, पण उधाणाची ओहोटी कधीच नाही. ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. कितीही वर्षांची चित्रं गोळा केली तरी सगळ्यात खालचा चिखल उघडा पडलेला सापडत नाही. म्हणून प्रत्येक चित्राच्या तारखेपुढे त्या वेळची भरतीची उंची कोष्टकातून लिहून ठेवा.

शेवटी ऑगरने, म्हणजे जमिनीत फिरवत घालायच्या गिरमिटाने, गाळ काढावाच लागतो. शिंपल्याचं कार्बन वय सागरी दुरुस्तीशिवाय (समुद्राच्या पाण्यातला जुना कार्बन हिशेबात धरल्याशिवाय) जुनं येतं, तेव्हा त्याच थरातला कोळसा किंवा बी मिळाली तर तीच वय मोजायला पाठवा. आणि छिद्राच्या तोंडाची पातळी जीपीएसच्या कच्च्या आकड्यावरून लिहू नका: मुंबईच्या पट्ट्यात समुद्रकाठी उभं राहूनही तो उणे साठेक मीटर दाखवतो. जिऑइडची (सरासरी समुद्रपातळीला धरून मानलेल्या पृष्ठभागाची) दुरुस्ती करून, सर्वेक्षणाच्या पक्क्या खुणेवर पडताळूनच पातळी नोंदवा.