सरांनी बीपीची गोळी का बंद केली

बीपी १९६/११२. दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पाहिला, तरी तेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, वय ४७, सोबत पत्नी. डोकं जड होतं म्हणून आलेले. जुन्या चिठ्ठीवर अटेनोलॉल ५० लिहिलेली, पण गोळी आठ महिन्यांपासून बंद. का बंद केलीत विचारलं, तर म्हणाले, "अशक्तपणा वाटायचा."

चाळिशी ओलांडलेला पुरुष बीपीची गोळी आपणहून सोडतो आणि कारण सांगताना बायकोची नजर चुकवतो, तेव्हा पुढे काय विचारायचं हे ठरलेलं असतं. ते विचारायला जागा मात्र लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे एक पेशंट आत असताना दुसरा दार ढकलून डोकावतो, तिसरा रिपोर्ट पुढे करतो. मी सिस्टरना वहिनींचं वजन आणि शुगर बाहेर बघायला सांगितलं, दाराला कडी लावली आणि सरळ विचारलं, "सर, संबंधाच्या वेळी ताठरता येते का?"

बराच वेळ ते गप्प होते. मग एकदम बोलायला लागले.

गोळी सुरू केली आणि सगळं संपलं, असं त्यांचं म्हणणं. शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, बीपीच्या गोळीने माणूस निकामी होतो. त्यानंतर तर अजिबातच नाही. म्हणून गोळी सोडली. तरी फरक पडला नाही. मग हायवेच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडून कॅप्सूल घेतल्या. आधीच्या डॉक्टरांना विचारायचा एकदा धीर केला होता, तेव्हा "वय झालं, टेन्शन घेऊ नका" एवढंच उत्तर मिळालं. ४७ व्या वर्षी वय झालं! हे वाक्य लिहून देणाऱ्या आमच्या मंडळींचा मला मनापासून राग येतो. दोन मिनिटं वाचतात आणि पेशंट तंबूत जातो.

कॅप्सूल घेतल्यावर काय व्हायचं, हे मी खोदून विचारलं. "पहिल्या दोन-तीन वेळा गुण आला. पण कान तापायचे, नाक चोंदायचं, दिव्याचा उजेड निळसर दिसायचा." ही लक्षणं सिल्डेनाफिलची, १९९८ साली बाजारात आलेल्या त्या निळ्या गोळीच्या औषधाची. तपासणी केल्याशिवाय त्या कॅप्सूलमध्ये काय होतं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुड्या-कॅप्सूलमध्ये हे औषध सर्रास सापडलेलं आहे, आणि मात्रा किती ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा माणसाच्या छातीत दुखलं आणि कुणी भल्या बुद्धीने जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली, तर बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जाईल. नपुंसकत्वावर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या एसटी स्टँडच्या भिंती त्याच जाहिरातींनी रंगलेल्या आहेत.

मग आमच्या कामाचे प्रश्न. एकाएकी सुरू झालं की हळूहळू? इच्छा होते का? पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, तेव्हा मनातली भीती आड येत नाही. पहाटेची चांगली असेल आणि फक्त पत्नीजवळ जाताना अडत असेल, तर पारडं मनाकडे झुकतं. पहाटेचीही गेली असेल तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन यांच्याकडे. सर म्हणाले, "असते कधीतरी. पण अर्धवट." तारखा जुळवत गेलो तेव्हा कळलं, सुरुवात गोळीच्याही आधीची होती. मुलाच्या दहावीच्या वर्षापासून ताठरता टिकत नव्हती.

शुगर २६८ निघाली. मधुमेह आहे हेच माहीत नव्हतं. पायाच्या अंगठ्यांना स्पर्श तपासायचा, १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवला, तर दोन्हीकडे जाणवला नाही. नंतर आलेलं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, ९.६, सकाळी काढलेलं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित. म्हणजे साखरेने नसांना आणि रक्तवाहिन्यांना धक्का दिलेला. अटेनोलॉलनेही ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. आणि सहकाऱ्याच्या त्या वाक्याचं काय? २००३ साली इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९६ पुरुषांना अटेनोलॉल दिली. ज्या ३२ जणांना औषध कुठलं हेच माहीत नव्हतं, त्यांच्यातल्या एकाने ही तक्रार केली. ज्यांना औषधाचं नाव माहीत होतं, त्यांच्यातल्या पाच जणांनी. आणि ज्यांना नावासोबत हा दुष्परिणामही सांगितला होता, त्या ३२ मधल्या दहा जणांनी. गोळी तीच, मात्रा तीच.

वहिनींना आत बोलावू का, असं सरांना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. दोघांसमोर कागदावर आकृती काढून सांगितलं: रक्त आत येण्यासाठी तिथल्या वाहिन्या सैल पडाव्या लागतात, भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन त्याच वाहिन्या आवळतं. परीक्षेत पर्यवेक्षक डोक्यावर उभा राहिला की येणारं उत्तरही मुलाला सुचत नाही, तसे सर स्वतःच स्वतःच्या डोक्यावर उभे राहत होते. वहिनी म्हणाल्या, "मी घोरते म्हणून हे बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. दीड वर्ष झालं. मी घोरत नाही डॉक्टर, सासूबाईंना विचारा." सर रडले. वहिनी रडल्या नाहीत, त्या चिडल्या होत्या आणि ते मला बरोबर वाटलं.

अटेनोलॉलऐवजी टेल्मीसार्टन आणि अ‍ॅमलोडिपिन, साखरेला मेटफॉर्मिन, रोज चालणं, तंबूतल्या कॅप्सूल कचऱ्यात. ताठरतेसाठी मी काहीच दिलं नाही. आधी हृदय तपासायचं होतं.

पंधरा दिवसांनी सर एकटे आले. बीपी १४२/८८, उपाशीपोटी शुगर अजून १७०. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, जमलं."

इथे मी अडकलो आहे. पंधरा दिवसांत नसा सुधारत नाहीत, रक्तवाहिन्या तर नाहीतच. अटेनोलॉल आठ महिने बंदच होती, म्हणजे ती बदलल्याचाही गुण नव्हे. बदललं ते इतकंच की घरातल्या दोघांना कारण कळलं. मग दुखणं मनाचं होतं म्हणावं, तर अंगठ्यांना धागा जाणवत नाही आणि पहाटेची ताठरता आजही अर्धवटच आहे. "हे डोक्यातलं की शरीरातलं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी "दोन्हीतलं" म्हणालो. ते खरं आहे. किती कशातलं, हे मी रोज वेगळं ठरवतो.

आणि काळजी वेगळीच. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ च्या. चरबी साचते दोन्हीकडे, बारीक नळी आधी तक्रार करते, बऱ्याचदा हृदयाच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी. सरांची तक्रार सुरू होऊन तीन वर्षं होत आली. ईसीजी ठीक आहे, पण मला स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, हवी आहे. चिठ्ठी दिली तर म्हणाले, "आता तर सगळं बरं आहे, मग कशाला?" ज्या लक्षणामुळे ते माझ्यापर्यंत पोचले तेच कमी झालं, आणि माझ्या हातातलं सगळ्यात मोठं कारण गेलं.

काल वहिनींना फोन केला. सरांना विचारूनच. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी घेऊन जाते म्हणाल्या.