पाव स्केलचा पिवळा कब: माझा अनुभव

लाकूडकाम संपलं म्हणजे विमान झालं असं ज्याला वाटते त्यानं एकदा मोठं मॉडेल शेवटापर्यंत नेऊन पहावं. माझा पायपर जे-3 कब आहे, म्हणजे त्या नावाच्या खऱ्या दोन सीटच्या छोट्या विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, पाव स्केल, खऱ्याच्या एक चतुर्थांश. खऱ्याचे पंख 35 फूट 3 इंच, म्हणजे आपला पावणेनऊ फुटांच्या जरासा वर. वर्कशॉप म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरची कापसाची खोली, कापूस विकला की रिकामी होते, म्हणून सगळं काम ऐन उन्हाळ्यात.

सांगाडा तसा पटकन होते. जुना फ्लश डोअर टेबल म्हणून, त्यावर प्लॅन, प्लॅनवर पारदर्शक प्लॅस्टिक नाहीतर रिबा (पंखाच्या फासळ्या) कागदालाच चिकटतात, मग बाल्साचं हलकं लाकूड, प्लाय, टाचण्या आणि बसा. फक्त तीस मिनिटवाला इपॉक्सी मे महिन्यात तीस मिनिटं थांबत नाही, तो भल्या पहाटेच कालवायचा.

खरी गंमत कापड चढवताना. इस्त्रीनं चिकटणारं पॉलिस्टर घेतलं, आधीच पिवळं, म्हणजे रंगाचं वजन वाचलं. आधी कमी तापमानावर कडा चिकटवायच्या, मग इस्त्री वाढवून मधला भाग आवळायचा, आणि वरची-खालची बाजू आळीपाळीनं घ्यायची, एकच बाजू ताणली की पंख पिळलाच समजा. त्याच्याही आधी प्रत्येक रिबेला टाचणीनं भोक पाडून ठेवायचं. नाहीतर बंद खणातली हवा आमच्या 45 डिग्रीत तापते आणि पंख पापडासारखा फुगते. लाइट कधी जाईल भरवसा नाही, म्हणून एका बैठकीत एकच खण, अर्धवट गार झालेला खण नंतर सारखा करणं फार किचकट.

आता मुद्द्याचं. कबचं नाक आखूड, शेपटी लांब. माझ्या मापानं शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात जवळपास तीन टाकावे लागतात. म्हणजे मागे हौसेनं 50 ग्रॅम रंग मारला तर पुढे 150 ग्रॅम शिसं, आणि ते ओझं प्रत्येक लँडिंगला चाकांवर. म्हणून शेपटीवर प्रायमर नाही, लॅकर नाही, काही नाही. चकचकीत फिनिशच्या नादात लोक चांगली विमानं जड करून ठेवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजूचा विजेसारखा काळा पट्टा रेडियमवाल्याकडून व्हिनाइलमध्ये कापून आणला. तो म्हणे, "दादा, हे कोन्त्या ट्रॅक्टरले लावाचं हाय?" विमानाले म्हटल्यावर त्यानं पैसे आधी मागितले. शेवटी बॅलन्स पाहिला. पंखाची रुंदी साधारण 40 सेंटीमीटर, पुढच्या कडेपासून अकरा-बारावर बोटं टेकवून उचलायचं, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. बॅटरी अगदी पुढे सरकवूनही थोडं कमी पडत होतं, मग टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायचं शिसं आणून फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या फळीला, स्क्रूनं बसवलं. सगळं मिळून सात किलोच्या आत.

उडवायला गावाबाहेरचं ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशात आमचा भाग ग्रीन झोन, 400 फुटांपर्यंत मोकळीक. सकाळी वारं सुटायच्या आत गेलो तरी अर्धं गाव हजर. काका इंजिन ऐकून म्हणाले, "हे तं फवारणीच्या पंपावानी वाजून रायलं." बरोबरच आहे, दोन्ही टू-स्ट्रोक. शेपटी उचलली तसं नाक डावीकडे ओढायला लागलं, उजवा रडर (शेपटीचं उभं पातं) दिला आणि थोड्याशा धावेत कब वर. वळताना नुसत्या एलेरॉननं, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पात्यांनी, भागत नाही, नाक उलटीकडे जाते, रडर सोबत द्यावाच लागते. ट्रिमला, म्हणजे विमान सरळ उडावं म्हणून रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीला, मात्र दोन टिचक्या पुरल्या, आणि ते त्या हलक्या शेपटीमुळेच.

आता पोट्टे विचारतात की आत पायलट काऊन नाही. जे-3 एकट्यानं उडवायचा तर मागच्या सीटवरूनच उडवतात, म्हणजे बाहुला मागेच बसवावा लागणार. तो थर्मोकोलचा कोरणं चालू आहे, डोकं आतून पोकळ.