त्या मशीनवरचा फोटो

२०१८ चा पावसाळा. कोल्हापूरकडच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात नवं डिजिटल एक्स-रे मशीन बसून दोन महिने झाले होते. एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, मालकांनी दिलेलं. दारावर त्यांच्या आईच्या नावाची संगमरवरी पाटी.

पेशंट त्यांच्याच फौंड्रीतला. एकोणीस वर्षं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची. टीबीचा कोर्स दोनदा झालेला, थुंकीत जंतू मात्र एकदाही सापडले नव्हते. दोन जिने चढून आला तो बाकाला धरूनच बोलला, "मालक देवमाणूस हाय डॉक्टर. फोटोचं पैसं बी घेत न्हाईत हितं."

फोटो स्क्रीनवर आला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक दाणेच दाणे, आणि मुळाशी गाठींना अंड्याच्या टरफलासारखी पांढरी कड. सिलिकोसिस, वाळूची बारीक धूळ श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसांचा आजार. हा बरा होत नाही. त्याच्या जुन्या धुरकट फिल्ममध्ये ती कड मला दिसली नव्हती.

"तोंडाला काय बांधता?" त्यानं खांद्यावरचा टॉवेल दाखवला. घड्यांमध्ये राखाडी भुकटी होती. फुप्फुसात उतरते ती धूळ याहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारी. टॉवेल तिला काय अडवणार? धूळ ओढणारा एक्झॉस्ट वर्षभर बंद होता, म्हणाला.

तेव्हा लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८, कलम ८९: असा पेशंट दिसला की डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना लगेच लेखी कळवायचं. विश्वस्तांच्या कानावर घातलं. ते चांगले गृहस्थ आहेत, हे मनापासून सांगतो. म्हणाले, "डायलिसिसच्या मशीनचं बोलणं चाललंय मालकांशी. थोडं थांबता येईल का?"

त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येईना. डायलिसिससाठी एसटीनं आठवड्यातून दोनदा शहरात जाणारी माणसं माझ्याच ओपीडीत बसायची. पण त्यांच्या सोयीचे पैसे या माणसाच्या छातीतून का यावेत? दान कितीही मोठं असलं तरी त्यानं एक्झॉस्ट सुरू होत नाही. मालकांनी आधी तो दुरुस्त करायचा होता, मशीन मग द्यायचं होतं.

निरीक्षकांना कळवायचा फॉर्म मी त्याच दुपारी भरला. पेशंटला सगळं सांगितलं, नोकरीला धोका आहे हेही. बराच वेळ तो टॉवेलची घडी करत राहिला.

"पोरगं बी तिथंच लागलंय," म्हणाला. "सा म्हैनं झालं. उद्या आणू का त्याला फोटोला?"